बोटीला एकही टवका नको

४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.
सासऱ्यांची बोट आज आमच्या अंगणात आली. सासरे सुतार. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी ती शेडमध्ये स्वतः बांधली. कडेने निळा पट्टा आहे. तो दरवर्षी ते हाताने रंगवतात.

२७ तारखेला त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन. नंतर तीन महिने गुडघा वाकवायचा नाही, म्हणजे बोटीत बसायचे नाही. त्याआधी एकदा तलावावर जायची त्यांची इच्छा आहे. बोटीचा ट्रेलर ओढायचा हुक फक्त माझ्या गाडीला, म्हणून काम माझ्याकडे. हातात तीन रविवार.

तलाव चाळीस किलोमीटरवर. शेवटचे अठरा किलोमीटर खडी.

मी सासऱ्यांना शब्द दिला, बोटीला एकही टवका पडणार नाही. ते म्हणाले, टवक्याचं सोडा, मला पाण्यात न्या. मोठ्या माणसांना काळजी उघड बोलता येत नाही. मी समजून घेतले.

५ फेब्रुवारी. जेवणाची सुट्टी.
बावीस वर्षे विम्याच्या ऑफिसात नुकसानीचे अर्ज तपासतो आहे. लोक काय काय फोडून घेतात ते मला पाठ आहे. या अनुभवाचा घरात कोणी उपयोग करून घेत नाही.

विचार केला. दगड आकाशातून पडत नाही. आपल्याच गाडीची मागची चाके तो उडवतात. म्हणजे बोटीचा शत्रू बोटीच्या पुढेच चालला आहे. वाक्य चांगले झाले. साहेबांना वाचून दाखवले. साहेब म्हणाले, अर्ज क्रमांक काय?

६ फेब्रुवारी.
मेहुणा येऊन गेला. दुधाचा टँकर चालवतो, त्याच खडीवरून, रोज दोन खेपा. म्हणाला, भाऊजी, बोटीच्या पुढच्या अंगाला जुनं कार्पेट बांधा, वेग तीसच्या खाली ठेवा, झालं. मी विचारले, हे कुठे वाचलेस? तो म्हणाला, वाचलं नाही, रोज जातो.

रोज जाणाऱ्याला रस्ता दिसत नाही. वाद घातला नाही. चहा दिला.

९ फेब्रुवारी.
योजना क्रमांक एक: गाडीच्या मागे रबराचा पडदा, जमिनीला टेकेल असा. एकही खडा सुटणार नाही. ट्रकच्या जुन्या ट्यूब कापून काल आणि परवा शिवला. हाताला पाच फोड. समाधान वाटले.

१० फेब्रुवारी.
गल्लीत चाचणी. पुढे जाताना उत्तम. मागे येताना चाक पडद्यावर चढले. पडदा गेला, बंपर त्याच्याबरोबर गेला. बंपर मुळातच सैल होता.

बायकोने विचारले, उद्या जायचंय ना? मी म्हणालो, घाई नको.

११ फेब्रुवारी, रविवार.
गेलो नाही. सासरे म्हणे सहापासून टोपी घालून पायरीवर बसले होते. मी फोनवर योजना समजावली. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, जावईबापू, खडी कुठं पळून जात नाही. गुडघा मात्र सत्तावीसला जातोय. फोन त्यांनीच ठेवला. म्हातारपणी बोलून दम लागतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
योजना क्रमांक दोन: ट्रेलरच्या पुढच्या टोकाला प्लायवूडची उभी फळी. रजा टाकली. बोट उतरवून ठेवली, रिकामा ट्रेलर जोडला, बायकोला मागच्या सीटवर निरीक्षक म्हणून बसवले आणि खडीवर दोन किलोमीटर गेलो.

प्रयोग शंभर टक्के यशस्वी. दगड उडाला, फळीवर आपटला आणि परत गेला. फळीला खरचटलेसुद्धा नाही.

परत गेला तो गाडीच्या मागच्या काचेतून आत आला. तो वेगळा विषय आहे.

बायकोच्या केसांत काचेचे दाणे होते. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. तिलाही फळीचे महत्त्व पटले असावे.

१६ फेब्रुवारी.
काचेच्या भरपाईचा माझा अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. इतर कोणी असता तर मोहाला बळी पडला असता. मी सगळी कलमे वाचली. अर्जदाराने स्वतःहून धोका निर्माण केला आहे. नामंजूर. शिक्का मारला. मग अर्जदार म्हणून पोच घेतली.

साहेब बघत होते. म्हणाले, तुम्ही दोन दिवस घरी आराम करा. कौतुकाची त्यांची हीच पद्धत.

१८ फेब्रुवारी, रविवार.
गेलो नाही. काच नाही. बायको म्हणाली, बाबांना या वेळी तुम्ही स्वतः जाऊन सांगा, मी नाही सांगणार.

गेलो. सासरे शेडमध्ये वल्ह्याला तेल लावत बसले होते. दुखरा पाय स्टुलावर. मी कारणे सांगितली, एकूण सहा. ते म्हणाले, अहो, ती बोट आहे. पाण्यात टाकायला बांधलीय. टवके पडले तर मी बुजवीन, मला दुसरं येतं तरी काय? पण एकदा बसू द्या.

मग बराच वेळ तेच वल्हे पुसत राहिले. मला त्यांची दया आली. ऑपरेशनची भीती माणसाला काहीही बोलायला लावते.

निश्चय: पुढचा रविवार म्हणजे रविवार. बोट संपूर्ण झाकून नेणार. दगडाला शिरायला जागाच ठेवायची नाही.

२० फेब्रुवारी.
गादीवाल्याला बोलावले. त्याने विचारले, कोणाची गादी? मी बोट दाखवली. तो धंद्याचा पक्का. टेप काढून माप घेतले. जाताना विचारले, उशी पण शिवायची का?

मी विचार केला. पुढच्या टोकाला एक लागेल.

घरातल्या चारही गाद्या दिल्या. बायको सतरंजीवर झोपते. पाठीला चांगले असते, मी सांगितले.

२४ फेब्रुवारी, शनिवार.
बोट तयार. आधी गाद्यांची शिवलेली खोळ, वर प्लॅस्टिक, वर चिकटपट्टी, वर नायलॉनची दोरी. बेचाळीस गाठी. गाठ माझीच आहे, ओढावी तितकी आवळत जाते.

गाडीच्या मागे अजून पुठ्ठाच लावलेला आहे. चालेल. मागे पाहायचेच नाही.

मेहुणा आला. बोटीभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, भाऊजी, हिला ताप आलाय का? हे लोक टँकरला आठवड्यातून एकदा पाणी मारतात. त्यांना काय सांगणार.

२५ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८.
सविस्तर लिहितो, कारण यश नोंदवून ठेवले पाहिजे.

सकाळी साडेसहाला निघालो. सासरे पुढच्या सीटवर, पाय लांब करून. मांडीवर टोपी. बायको मागे, पुठ्ठ्याला पाठ लावून. खडीवर मी वेग ताशी आठ ठेवला. एक सायकलवाला थोडा वेळ शेजारून गप्पा मारत आला, मग कंटाळून पुढे गेला. मेहुण्याचा टँकर भोंगा वाजवत गेला. धुरळा बसेपर्यंत आम्ही थांबलो. धुरळ्याचा मी विचार केला नव्हता, पण धुरळ्याने टवका पडत नाही.

दहाला तलाव. पाणी दिसल्यावर सासऱ्यांनी टोपी घातली. म्हणाले, घ्या लवकर.

गाठी सुटेनात. कात्री घरी. सासऱ्यांनी खिशातला चाकू पुढे केला. मी घेतला नाही. चाकूने बोटीला चरा जाऊ शकतो. आजवरचे सगळे कष्ट वाया घालवायचे का? नखांनी सुरुवात केली.

साडेअकरापर्यंत नऊ गाठी. सासरे काठावर खुर्ची टाकून बसले होते. बारा वाजता त्यांनी विचारले, किती राहिल्या? मी सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

साडेबाराला बायको उठली आणि भाड्याच्या बोटींकडे गेली. सगळ्या गेल्या होत्या. एक पायडलची उरली होती, बदकाच्या आकाराची, पिवळी. ती परत आली आणि म्हणाली, बाबा, चला. ते म्हणाले, यात? ती म्हणाली, यातच.

बदकवाल्याने आणि तिने त्यांना धरून बसवले. दुखरा पाय बदकाच्या मानेशी सरळ ठेवला. पायडल तिने एकटीने मारले. मी काठावरून हात हलवला. त्यांचे लक्ष नव्हते. त्यांच्या आजूबाजूला लहान मुलांची बदके होती. सासरे त्यांना काहीतरी सांगत होते, हातांनी, वल्हे कसे धरायचे तसे काहीतरी.

सव्वादोनला शेवटची गाठ सुटली. खोळ काढली.

टवका एकही नाही. दोनदा तपासले.

मात्र धुरळा खोळीत शिरला होता. बोट आणि गादी अठरा किलोमीटर एकमेकांवर घासत आली. निळा पट्टा दोन्ही बाजूंनी गेला. पुढच्या टोकाला, जिथे उशी होती, रंग पार लाकडापर्यंत निघाला.

सासरे परत आले. बोटीच्या अंगावरून हात फिरवला. हाताला रंगाची भुकटी लागली. म्हणाले, जावईबापू, घासकाम छान झालंय. मला आठ दिवस लागतात.

मी म्हणालो, आता उतरवूया पाण्यात. ते म्हणाले, उघडं लाकूड पाणी पितं. आता नको.

येताना बोट उघडीच होती. गाडी मी तीसने चालवली. काही झाले नाही. हा योगायोग आहे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.
ऑपरेशन नीट झाले. दोन तास बाहेरच्या बाकावर बसलो. बायकोने माझ्या हातातला बिस्किटाचा पुडा काढून घेतला. मी तो चिकटपट्टीने बंद करत होतो.

१ मार्च, शुक्रवार. भेटीची वेळ.
मेहुणा बोट त्याच्याकडे घेऊन गेला. मला न विचारता. सासऱ्यांनी सांगितले होते म्हणे.

वॉर्डात सासरे उशीला टेकून बसले होते. तीन महिन्यांनंतरचा बेत आखून तयार. पट्टा ते स्वतः रंगवणार. बोट मेहुणा आणणार. वल्ही बायको मारणार. सगळी कामे वाटून झाली.

मी विचारले, माझ्याकडे काय?

सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिले. बायकोने सफरचंद कापायचे थांबवले. मग सासरे म्हणाले, तुम्ही या. बोटीत बसा माझ्याशेजारी. पण काही करू नका.

जबाबदारी मोठी आहे. तयारी उद्यापासून.