आरतीचा शाळेचा दाखला

जोधपूर छावणी

तीर्थरूप आबा आणि आई यांना लेकीचा नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. क्वार्टर ऐसपैस आहे, तुमचे जावई वेळेवर घरी येतात. आईचा गुडघा कसा आहे?

आबा, आरतीला इथं नववीत तात्पुरतं बसू दिलंय. क्वार्टर मिळेपर्यंत ती तुमच्याकडं महाळुंग्यात शिकली, त्या शाळेचा दाखला महिनाअखेरपर्यंत आला नाही, तर तिचं नाव काढतील. तुम्ही फोनवर म्हणालात, "बाई रजेवर हायेत, दाखला मिळंना." काल मीच मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमचे वडील पंधरा दिवसांमागंच सही करून घेऊन गेले की!"

तुम्ही आपणहून खोटं बोलणारे नाही, म्हणून आधी दादा-वहिनीनंच तुम्हाला तसं बोलायला लावलं असा संशय घेतला. मग ध्यानात आलं, आरती रोज गच्चीवरून तुमच्याशी बोलते आणि मी गेले की गप्प होते. तिला समोर बसवून विचारलं.

"मीच आजोबांना दाखला लपवायला सांगितला," ती म्हणाली. "आई, ही माझी सहावी शाळा. मैत्रीण झाली की आपण सामान बांधतो. इथलं नाव निघालं, तर तू मला परत आजोळी पाठवशील असं वाटलं."

मला तिचा राग आला नाही, तुमचा आला. पोर तुमच्यापाशी रडत होती, ते मला का नाही सांगितलंत?

ह्यांच्याशी बोलले. दहावी होईपर्यंत ती तुमच्याकडंच राहील. रविवारी तिला घेऊन निघते. दाखला शाळेत परत देऊन तिचं नाव लावा. पण आबा, तिथंही तिला करमेनासं झालं, तर ते तरी माझ्यापासून लपवू नका.

रागावलेली, तरी तुमचीच
अश्विनी