सिंधुमावशीची करपलेली भाकर

अर्धापूर, बुधवार

बाबांना दयानंदचा येशूच्या नावानं सलाम.

मी मजेत हाय. केळीच्या वखारीतलं काम बरं चाललंय. आई फोनवर तुमच्या डोळ्याचं नीट सांगतच न्हाई. ऑपरेशनची तारीख मिळाली का?

रोज वाचायला बायबल घ्यायचं ठरवलं. इथल्या चर्चच्या पाळकांनी दोन भाषांतरं दिली, एक तुमच्याकडं हाय तसं जुनं, एक सोप्या मराठीतलं. कोणतं ठेवावं कळेना. मग मेसमध्ये भाकरी करणाऱ्या सिंधुमावशीला दोन्हींतून एकच गोष्ट वाचून दाखवली, बापाकडून वाटणी घेऊन निघून गेलेल्या धाकट्या पोराची.

जुनं ऐकून "लई चांगलं हाय" म्हणली अन् भाकरी थापतच राहिली. नव्यात ते पोरगं घराकडं निघालं, तसा तिचा हात थांबला. तव्यावरली भाकर करपली. "मग? बापानं घरात घेतलं का?"

सगळी मेस हसली. करपलेली भाकर मीच खाल्ली, अन् तेच बायबल ठेवलं. रागावू नका, संगं आणतो, तुम्हाला वाचून दाखवतो.

दोन वर्षांखाली मीबी भांडूनच निघालो होतो. ऐतवारी निलंग्याच्या गाडीनं येतोय. मावशीला म्हणलो, पुढचं घरी जाऊन आलो की सांगतो.

तुमचा धाकटा,
दयानंद