स्क्रू नसलेली मशीन

१ ऑक्टोबर, हिमायतनगर

खंडेनवमी. आज मशीन सुरू करायची नाही म्हणे. धुवायची, पुसायची, झेंडूचा हार घालायचा अन् गप बसायचं. बरं झालं!

तिन्ही चेनसॉ पाटावर मांडल्या. शेजारी कुऱ्हाडी, करवत, कानशी. हळदकुंकू मी लावलं, कारण झाडं तोडायच्या ह्या टोळीत सगळ्यात नवा मी. रामकिशनमामा लांबून बघत होते. टोळीचे म्होरके तेच – कोणतं झाड कुठल्या अंगाला पाडायचं ते ठरवतात अन् पाडतातही स्वतः. म्हणाले, थोडंच लाव, नवरी न्हाई ती.

ऐन नवरात्रात माहूरची नारळाची गाडी सोडून इथं आलो. का आलो? रस्त्याकडेला मशीनचा आवाज ऐकला अन् आवडला. गाडीवाला अजून फोन करून राहिला. त्याच्या आधी लातूरला गॅरेजात होतो, त्याच्या आधी आयटीआय, अर्धं.

४ ऑक्टोबर

माझी कामं – पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणं, फिल्टर झटकणं, चेनच्या दातांना धार लावणं. मशीन अजून हातात देत नाहीत.

गोल कानस फक्त पुढं ढकलायची. मागं ओढली की मामांची टपली बसते. धार बरोबर आहे का ते भुशावरून कळतं. धार असली तर चुरमुऱ्यासारखा उडतो, गेली की पिठासारखा.

एका बाजूचे दात घासून झाले अन् तांबट पक्षी दिसला. इवलासा, पण आवाज केवढा! तो गेल्यावर परत तीच बाजू घासली. मग काय, मशीन सरळ कापायलाच तयार नाही, डावीकडं पळते. मामा म्हणाले, "देवणीचा ना रे तू? तिथले बैल तर लई सरळ चालतात."

समोरचा बोलत असला की मामा त्याच्या तोंडाकडं एकटक बघतात. आधी मला वाटायचं माझ्या दातात काही अडकलंय.

८ ऑक्टोबर

कार्बोरेटर मामा कानानं लावतात. म्हणजे असं – मशीन पूर्ण रेस करायची, डोळे मिटायचे, बारीक पेचकसानं स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर फिरवला की जास्त. आवाज मोकळा झाला की थांबायचं. बालाजी, टोळीतला दुसरा कापणारा, म्हणतो की आख्ख्या जिल्ह्यात असा कान नाही.

मला आवाज जरा चिरका वाटला. पण मी काय, नारळवाला.

११ ऑक्टोबर

मोठी मशीन बंद पडली. नुसती बंद नाही, जामच. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आत अडकलाय.

बालाजी म्हणतो, हा कुंकवाचा प्रताप, पूजेत फिल्टरात गेलं. ठेकेदार बसलिंगप्पा – त्यांना सगळे अप्पा म्हणतात, उदगीरचे – त्यांनी एकच विचारलं, ऑईल कोण मिसळतं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मामांनी पण.

१२ ऑक्टोबर

ऑईल मी बरोबर टाकलं होतं.

१७ ऑक्टोबर

दुसरी मशीन पण गेली. तसंच. फिल्टर मी ब्रशनं धुतला होता, त्यामुळं कुंकवावरचा आळ गेला. राहिलो मी.

अप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, "वीरेश, तिसरी गेली की तिच्यासंगं तू पण जा." मग दोन्ही मशिनी पोत्यात घालून मला नांदेडला पिटाळलं.

१८ ऑक्टोबर, नांदेड

हरिओम मेकॅनिक. दिवाळीची गर्दी, तरी त्यानं समोरच खोललं. मी मध्येच त्याच्या दुकानातल्या माशांच्या टाकीत रमलो. एक मासा फक्त काचेकडं तोंड करून उभा असतो. हरिओम म्हणाला, इकडं बघा साहेब, मासा कुठं पळत न्हाई.

पिस्टनवर उभे ओरखडे. एकाच अंगाला, धुराड्याच्या बाजूला. म्हणाला, ऑईल ठीक आहे. ह्या मशिनी उपाशी पळवल्यात. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणून तापून जाम झाल्या. मग स्क्रू दाखवला. दोन्हींचा लई आत गेलेला.

"कुणाचा कान हाय हा?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं नाही. का ते माहीत नाही.

बसमध्ये एकेक आठवत गेलं. ट्रॅक्टर मागून हॉर्न देत होता अन् मामा वाटेतून हलले नव्हते. मला तो ताठा वाटला होता. मामीचा, म्हणजे केवळाबाईंचा फोन आला की नुसतं हाव, हाव म्हणून ठेवतात. पेट्रोल कमी पडल्यावरचा चिरका आवाज मामांना ऐकूच येत नाही. आवाज मोकळा लागेपर्यंत ते स्क्रू आत घेत जातात.

२४ ऑक्टोबर

खात्री करून घेतली. मामा चहा पीत होते. त्यांच्या पाठीमागं पत्र्यावर मोठा पाना टाकला. झाडावरची सगळी पाखरं उडाली. मामांनी चहात बिस्कीट बुडवलं.

इथं गोष्ट फक्त मशीनची नाही. साग पडायच्या आधी बुडात कडकड वाजतं. झाड बोललं म्हणतात त्याला. बोललं की मशीन सोडायची अन् तिरपं मागं सरकायचं. हे मला पहिल्या दिवशी मामांनीच शिकवलं.

२८ ऑक्टोबर

अप्पा नवी मशीन घेणार. मला सोबत नेलं, कारण हरिओमचं दुकान मलाच माहीत.

तीन बघितल्या. एक हलकी, स्वस्तातली, पण बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, छोटा. जाड सागाला दोन्ही अंगानं कापावं लागलं असतं. दुसरी मोठी, लई जड. बालाजी उचलेल, मामांची कंबर जाईल. तिसरी मधली. तिला स्क्रूच नाही! हवा अन् पेट्रोल स्वतःच जुळवून घेते.

मी म्हणालो, ही घ्या. अप्पा म्हणाले, महाग आहे, हिच्यात असं काय? मी सांगितलं की पेट्रोल कमी खाते. खरं खोटं देव जाणे. हरिओम माझ्याकडं बघत होता. मग तोच म्हणाला, हाव अप्पा, बराबर बोलून राहिला पोरगा.

२९ ऑक्टोबर

मामांनी नवी मशीन मांडीवर घेतली. चेन ओढून बघितली. कव्हर उघडून फिल्टर बघितला. खूश दिसले. मग पेचकस काढला. मशीन इकडून फिरवली, तिकडून फिरवली.

"हिचा स्क्रू कुठाय?"

"न्हाई हिला. तिची ती लावून घेती."

पेचकस खिशात टाकला. परत काढला, पुसला, परत टाकला.

"कुणी निवडली?"

"मी."

"कवा कळलं तुला?"

पाना टाकला होता म्हणालो. बालाजीला माहीत आहे का, अप्पाला माहीत आहे का, ते मामांनी विचारलं. दोघांनाही नाही. मग म्हणाले, "अप्पाला कळलं की हातातली मशीन गेली. मग काय करू, फांद्या ओढू?"

मी विचारलं, झाड बोललं तर? म्हणाले, पायाला कळतं, बुडातून थरथर येते.

दर वेळी येते का?

मामा चेन पुसायला लागले. ह्या वेळी ऐकू गेलं होतं. मी तोंड समोर धरून विचारलं होतं.

३ नोव्हेंबर

सुतळी. एक टोक मामांच्या पट्ट्याला, दुसरं माझ्याकडं. मी पंधरा-वीस पावलं मागं. झाड बोललं की हिसका द्यायचा. कुठं अडकली तर तुटावी म्हणून सुतळीच, नायलॉन नाही.

मामा आधी तयार नव्हते. म्हणाले, वेसण घालतो का मला? मग स्वतःच गाठ बघितली अन् सोडून नीट मारली. बालाजीला सांगितलंय की अंतर मोजायला आहे. तो म्हणतो, मामाचा पतंग केला का बे?

माझं टोक मी बांधत नाही. बोटाला एक वेढा, लगेच सुटेल असा. बांधून घेणं मला जमत नाही.

९ नोव्हेंबर

चार साग पडले. तीनदा आधी मामाच सरकले, मग माझा हिसका. एकदा माझा आधी.

१५ नोव्हेंबर

बार उलटा केला. एकाच अंगानं झिजू नये म्हणून अधूनमधून करायचा असतो. त्याच्या खाचेतला भुसा काढला. मशीन मस्त चालते. अप्पा म्हणाले, पोरा, पारख हाय तुला. मामा समोरच होते. जमिनीकडं बघत होते.

काम बोअर व्हायला लागलंय. कान देऊन नुसतं उभं राहायचं.

२१ नोव्हेंबर

सिद्धेश्वरचा फोन. लातूरला गॅरेजात सोबत होतो, आता हैदराबादला आहे. मोठ्या गाड्यांचं काम, राहायची सोय. सोमवारपर्यंत ये म्हणाला. बॅग भरायला वेळ लागत नाही मला.

सुतळी बालाजीच्या हातात देता येईल. पण मग त्याला सगळं सांगावं लागेल. बालाजी मनाचा चांगला आहे, पण त्याच्या तोंडाला झाकण नाही.

मामांना सांगितलं. म्हणाले, "जा की. तू यायच्या आधी पण झाडं पडतच होती."

सिद्धेश्वरला हो म्हणालो.

२३ नोव्हेंबर

आज शेवटचा दिवस म्हणून आलो. वानरं आली होती. एक पिल्लू आईच्या शेपटीला लटकून झोका घेत होतं. मी तेच बघत होतो, किती वेळ ते सांगता येणार नाही. एकदम वेढा आवळला, बोट उपटून निघतंय असं वाटलं. मामांनी मशीन बंद केली होती अन् तिकडून सुतळी ओढत होते, दोन्ही हातांनी. काय झालं म्हणून तणतणत पुढं गेलो. मी उभा होतो तिथं मागच्या झाडाची वाळकी फांदी येऊन पडली. मांडीएवढी.

लई कडकडली म्हणे. बालाजीला पार रस्त्यावर ऐकू गेली. मामांनी ती नुसती वाकताना बघितली होती.

मामा फांदीजवळ आले. माझं बोट बघितलं. म्हणाले, "कान कुणाचे गेलेत रे, माझे का तुझे?"

मग मशीन उचलून राहिलेलं झाड कापायला गेले. मी माझं टोक कमरेला बांधलं. सिद्धेश्वरला कळवायचं राहिलंय.