पिसलेले पुठ्ठे

बुधवार, ११ मार्च १९८७

डेल गेला!

सकाळी सातला मर्विनचा फोन. आमच्या स्टुडिओतला फ्लोअर मॅनेजर, एरवी नुसता ओरडतो. आज कुजबुजला. "फर्न, आधी खाली बस." झोपेतच गेला. मेंदूतली शीर फुटली म्हणे. एकोणसाठ हे काय वय झालं?

कॉफी केली, सिंकमध्ये ओतली. परत केली, परत ओतली.

त्याच दिवशी, दुपारी

टीव्हीवर सारखा कालचाच तुकडा दाखवतायत. बंद करा रे!

सगळा देश रात्री साडेअकराला डेल पुरिंटनला बघून झोपतो. चित्रीकरण आम्ही संध्याकाळी साडेपाचलाच उरकतो. एकोणीस वर्षं मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून त्याच्या विनोदांचे पुठ्ठे धरतेय. लिहिलेली बाजू त्याच्याकडे. मी बघायचं ते त्याच्या डोळ्यांकडे – ओळ संपली की पुढचा पुठ्ठा.

काल शोआधी जिन्यात गठ्ठा हातातून सुटला. घाईघाईत गोळा केला, आकडे तपासलेच नाहीत. आठवा पुठ्ठा झाला, नववा धरला – आणि डेल थांबला. चार सेकंद! माझ्याकडे रोखून बघत राहिला. मग म्हणाला, "लोकहो, आमच्या फर्नबाईंनी आज पुठ्ठे पिसून आणलेत!" लोक हसून लोळले. उरलेले विनोद सोडून तो तडक पाहुण्यांशी गप्पा मारायच्या टेबलाशी जाऊन बसला.

शो संपल्यावर मी सामानाच्या खोलीत लपले. माफी मागायची सोडून! त्याचं शेवटचं काम मी नासवलं.

गुरुवार, १२ मार्च

कोपऱ्यावरचा सँडविचवाला म्हणतो, "परवा काय हसवलंत हो तुम्ही दोघांनी!" पैसे दिले आणि सँडविच तिथेच विसरून आले.

शनिवार, १४ मार्च

अंत्यविधी. ग्लेंडा – त्याची बायको – माझा हात सोडेना. "डॉक्टर म्हणतात, आदल्या संध्याकाळीच मेंदूत रक्त झिरपायला लागलं असणार. स्टुडिओत काही जाणवलं का गं?"

"छे! चांगली थट्टा करत होता," म्हटलं. पुठ्ठ्यांचं लपवलं.

बाहेर मर्विनपाशी मात्र रडले. तो म्हणाला, "अगं, तुझ्यावर चिडून कोण मरतं? तेवढी मोठी नाहीस तू." मूर्ख मेला! रडता रडता हसले, आणि हसले म्हणून परत रडले.

सोमवार, १६ मार्च

मर्विनने कपाटातून त्या दिवसाचा गठ्ठा काढून दिला. दाखवून झालेला पुठ्ठा मी पायाशी टाकते. शेवटी तो ढीग तसाच उचलून ठेवतात. म्हणजे ज्या क्रमाने धरले, त्याच क्रमाने अजून आहेत. कोपऱ्यातले आकडे बघितले.

सहा, सात, आठ, नऊ. एकही मागेपुढे नाही!

पुठ्ठे बरोबर होते. डेललाच त्या क्षणी अक्षरं वाचता येईनाशी झाली होती. तो डोळे वटारत नव्हता – चार सेकंद माझ्याकडे मदत मागत होता. आणि मी शरमेने मान खाली घातली.