मामाची शिट्टी

साकोली, ४ डिसेंबर

ती. संजीवदादास,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते आणि तू उपदेश करतोस, म्हणून लिहून राहिले. रविवारी पवनीच्या फुटबॉल सामन्यात रेफरी तू आहेस हे कळलं, तेव्हाच रक्षाला खेळायला होकार दिला. मागच्या वर्षीचा रेफरी फार दयाळू होता. मागून लाथ बसली तरी चालू द्या म्हणायचा. चार पोरी लंगडत घरी गेल्या, एकीचा गुडघा अजून नीट वाकत नाही. तेव्हापासून रक्षा मैदानावर गेली की माझं चित्त घरात नसतं. परवा वरणात तिखट दोनदा पडलं. हे म्हणतात, कायले भेतेस. यांचं काय, जेवले की झोपले.

मी आपली पोरीला शिकवून ठेवलं आहे, की कोणी अंगावर आली तर वाट पाहू नको, पहिले तूच पाय घाल. तू मात्र कडक राहा. संस्कृतचा मास्तर हाफपँट घालून धावतो म्हणून लोक हसतात, हसू दे.

माझी झोप तुझ्या शिट्टीत अडकली आहे, एवढं ध्यानी असावं.

तुझी, रत्ना


पवनी, ९ डिसेंबर

चि. सौ. रत्नास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी कन्या काल दोन्ही पाय शाबूत घेऊन घरी पोचली असेल. तोंड का फुगलं होतं, ते मात्र तिनं सांगितलं नसेल.

खेळाआधी मी दोन्ही संघांना बजावलं, की मागून पाय घातला तर पिवळं कार्ड, दोन्ही पायांनी झेप घेतली तर थेट लाल. नातं, गाव, अश्रू यांना सूट नाही. पोरींना वाटलं, मास्तर शांतिपाठ म्हणत आहेत. पहिल्याच धुमश्चक्रीत दोघींना पिवळं दाखवलं आणि सगळ्यांचे पाय एकाएकी सुसंस्कृत झाले. मध्यंतरापर्यंत एकही पोरगी पडली नाही. जखमांसाठी आणलेला बर्फ आयोजकांनी सरबतात घातला.

मग शहापूरची प्रतिक्षा चेंडू घेऊन आली आणि आपल्या रक्षानं दोन्ही पायांनी तिच्यावर झेप घेतली. मी लाल कार्ड काढलं. रक्षा रडत म्हणाली, की आईनंच असं सांगितलं होतं. आईला कार्ड दाखवायची तरतूद नियमांत नाही, ही मोठीच उणीव.

प्रतिक्षाचा घोटा बघता बघता सुजला. मी बर्फ मागितला, तर सरबताचे रिकामे पेले समोर आले. रत्ना, त्यावर मला विनोद सुचत नाही. हाड मोडलं का, ते आज एक्स-रे काढल्यावर कळेल.

राग आला तर तोही लिहून पाठव. उत्तर न येणं मला सोसत नाही.

तुझा, संजीवदादा


साकोली, १३ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राग आला, तोही तुझाच. सख्ख्या भाचीला लाल कार्ड! मग प्रतिक्षाची आई डोळ्यांपुढे आली आणि रक्षाला घेऊन काल शहापूर गाठलं. 

हाड मोडलेलं नाही, दादा. घोटा मुरगळला आहे, महिनाभर खेळ बंद. रक्षा तिच्या खाटेशी मान खाली घालून बसली. थोड्या वेळानं दोघी मिळून तुझ्या धावण्याची नक्कल करत होत्या.

पुढच्या सामन्यालाही शिट्टी तूच धर. आणि खेळाआधी जे बजावतोस, ते आम्हा आयांनाही समोर उभं करून बजाव. कारण प्रतिक्षाच्या आईसमोर, सुमनबाईंसमोर, मी हात जोडून कबूल केलं, की पोरीला हे मीच शिकवलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाल्या, की मीही प्रतिक्षाले तेच सांगून धाडलं होतं. तुमच्या पोरीनं पहिले ऐकलं, एवढंच.

माया आहे तशीच ठेव, शिट्टी मात्र ढिली करू नको.

तुझी, रत्ना