कडुलिंबाखाली पुरलेलं मीठ

बुधवार, ९ एप्रिल
मला विचारलं कोणी? लेकीकडे काय गेले, मागं घरभर भिंती फोडल्या! जुने सॉकेट काढून नवे बसवले—तीन भोकांचे. सूनबाई सुगुणाचा हट्ट. तिला कूलर हवा!
वायरमन यादगिरीला विचारलं, तिसरं भोक कशाला? म्हणतो, "त्यात वीज नसते, अम्मा." नसते तर पाडलं कशाला? नुसता हसला मेला.

गुरुवार, १०
तिसऱ्या भोकाची हिरवी वायर भिंतीतून बाहेर येते आणि कडुलिंबापाशी जमिनीत शिरते. सुगुणा रोज तिथं तांब्याभर पाणी ओतते. झाडाला नाही—मातीला! "काय गं करतेस?" तर म्हणे, "यादगिरीनं सांगितलंय, अत्तम्मा. तिथली माती सुकू द्यायची नाही." का? भाजी लावलीय का तिथं?

शनिवार, १२
लेक-सून कामाला गेली तशी पहार घेतली नि कडुलिंबापाशी उकरलं. मीठ! कोळसा! पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. तळाला तांब्याचा पत्रा, त्याला ती हिरवी वायर बांधलेली. माझ्या अंगणात भानामती!
कोयत्यानं वायर तोडली. सगळं ओढ्यात टाकलं, खड्डा बुजवला. शेजारच्या मल्लव्वेला सांगितलं. तिचं तोंड काही शिवलेलं नाही—सांजेपर्यंत गावभर.

रविवार, १३
सुगुणानं केलेली भाकरी खाल्ली नाही. माझी मी भाजली.

सोमवार, १४
नव्या कूलरला हात लावला नि सुगुणा आडवी! माझा लेक राजन्ना धावला, मुसळानं बटण बंद केलं. जीव वाचला तिचा. तळहात भाजलाय.
मल्लव्वा दारातूनच ओरडली, "केलेलं उलटलं गं बाई!" मीही मान डोलावली.
पंचांचा निरोप आला—सुगुणानं उद्या चावडीवर येऊन उत्तर द्यायचं. राजन्ना म्हणाला, "अम्मा, तिला गावाबाहेर काढतील गं." काढू देत, म्हटलं.

मंगळवार, १५
सकाळी नारळ घेऊन पोचम्माच्या देवळात गेले. तिथं पंखे बसवताहेत. मागच्या अंगणात यादगिरी खड्ड्यात उभा. मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा, हिरवी वायर. पुजारी स्वतः पाणी ओततोय!
"देवीच्या दारात हे काय रे?"
"चुकार वीज मातीत जावी म्हणून, अम्मा. नाहीतर माणसाच्या अंगातून जाते. तुमच्याकडंही केलंय की!"
नारळ न फोडताच परत आले.

मंगळवार, दुपार
राजन्नाला पंचांकडे निरोप देऊन धाडलंय. सुगुणा चावडीवर येणार नाही, तिचा हात दुखतोय. खड्डा मी उकरला, वायर मी तोडली. मल्लव्वेलाही समोर बसवा. पण काय विचारायचं ते मला विचारायचं—आणि मी बोलत असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही!