नाव, चेहरा, सही

अझुआ, १४ मार्च

प्रिय दादा,

आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि टेकडी चढून शेजारणीकडे गप्पा मारायला जाते. बेसबॉलच्या मॅचमध्ये तू सात जणांना बाद केलंस त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने टीव्ही रस्त्यावर काढला होता.

फोन नाही केला. तुझा फोन क्लबने दिलेला, कोण ऐकतं कुणास ठाऊक. मिर्तामावशी तिकडे येतेय, तिच्या हाती देतोय. तिच्यासमोर उघडू नकोस.

मंगळवारी एका कंपनीची वकीलबाई आली. इव्हेलीस नाव. खेळाडूंची नावं विकत घेतात म्हणे. तुझं नाव, चेहरा, सही, कायमची. तू म्हातारा झालास तरी व्हिडिओ गेममध्ये बॉल टाकतच राहणार. शुक्रवारी तू सही करणार हे मला तिच्याकडून कळलं. तुझ्याकडून नाही.

तिला लहानपणचा फोटो हवा होता. आईने तो दिला, मी तुझ्या खांद्यावर बसलेला.

"यातला येउदी कोणता?" बाईने विचारलं.

आईचं बोट आधी माझ्यावर पडलं. मग सरकत तुझ्यावर गेलं.

बाई म्हणाली, "धाकटा थोरल्याला खांद्यावर घेतो? ताकद उपजतच दिसते हो."

आई म्हणाली, "केळी खायचा ना खूप."

दोघी हसल्या. मला बाईचं हसू आवडलं नाही.

सहा वर्षं झाली, दादा. बॉल टाकणारा एकोणीस वर्षांचा हात कुठलाच क्लब घेत नाही, सोळाचा घेतात, असं कोच म्हणाला आणि माझा जन्मदाखला तुझ्याकडे गेला, तुझा माझ्याकडे. आपल्या गल्लीत हे काही नवीन नव्हतं. तू म्हणालास, पहिला मोठा करार झाला की खरं सांगतो, तुझं नाव परत देतो. तेव्हापासून दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मी तुझ्या नावाने, राधामेस. येउदी फक्त आई म्हणते, तेही चुलीपाशी, हळू आवाजात. माझ्या पंक्चरच्या दुकानावरची पाटी मी कोरीच ठेवलीय. नाव परत मिळालं की लिहायला निळा रंग आणून ठेवलाय.

बाईने आणलेल्या त्या कागदात चौथं कलम आहे. कुटुंबातल्या कुणीही हे नाव धंद्यात वापरायचं नाही. मी दोनदा वाचलं. तू वाचलंस का?

आता जे सांगायचं टाळतोय ते. बाईने साक्षीदाराची ओळ दाखवली. "थोरले भाऊ म्हणून सही करा." मी येउदी एन्कार्नासिओन लिहिलं. हात घसरला असं लिहिणार होतो, पण तसं नाही. मला माहीत होतं मी काय लिहितोय.

तिने वाचलं. शाईवर फुंकर मारली, कागद फाईलीत ठेवला. "कॉफी छान होती," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून कुणाचा फोन नाही. क्लबला सांगणार असती तर एव्हाना सांगितलं असतं. म्हणजे कागद जपून ठेवलाय. तू सही केलीस की ती तुला आयुष्यभर हवं तसं नाचवेल, असं मला वाटतं. आई म्हणते मी उगाच संशय घेतो. पण फोटो परत मागायला तिनेच बाईला दोनदा फोन केलाय.

शुक्रवारच्या आधी तूच क्लबला सांग. शिक्षा होईल. वर्षभर घरी बसशील, कदाचित जास्त. माझ्यावर चिडशील तर चीड. पण नंतर टाकशील तो बॉल राधामेसचा असेल.

आणि तरीही सही करायचीच असेल, तर आधी मला कळव. रंग परत करीन.

तुझ्या खांद्यावर बसलेला,
येउदी